फोटोच्या उजव्या बाजूला

“ते कोपर माझं आहे,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि सुमेधाचं पाठ झालेलं वाक्य तोंडातच राहिलं. शनिवारची सकाळ होती, म्युझियममध्ये तिची टूर चालू होती. सीनियर सेंटरच्या व्हॅनमधून आलेली म्हातारी माणसं, त्यांच्या स्वेटरना ड्रायरचा ऊबदार वास, बाहेर कॅलट्रेन गेल्याची खिडकीतली थरथर. ती वळली. एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई भिंतीवरच्या मोठ्या फोटोला जवळजवळ नाक लावून उभी होती. फोटोत पाच पुरुष होते. पांढरे शर्ट, बारीक काळे टाय, मधे खालून उजेड देणारं टेबल, टेबलावर पसरलेली तांबडी फिल्म. खाली पाचही जणांची नावं आणि वर मोठ्या अक्षरांत ‘चिप बनवणारे पाच जण’. बाईचं बोट उजव्या कडेवर होतं. फोटो जिथे संपत होता तिथे खरोखरच एक उघडं कोपर होतं, टेबलावर घट्ट रोवलेलं. “माझ्या पलीकडे आणखी तिघी होत्या,” बाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्याने पत्ता सांगावा तसं तिने ते सांगितलं, आणि ती घोळक्याबरोबर पुढच्या खोलीत गेली.

सुमेधाने उरलेली टूर कशीबशी पुरी केली. तोंड बोलत होतं, पण लक्ष त्या कोपरावर होतं. चिपचं लेआउट, म्हणजे तिच्या आतल्या भागांची मांडणी, करण्यात तिची उभी हयात गेली होती. नागपूरहून लग्न करून सनीव्हेलला आली, इथे पुन्हा शिकली, आणि मग वर्षानुवर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत पट्ट्या सरकवत बसली. ही पट्टी इकडे, ती तिकडे, मधे केसाएवढी फट. मागच्या वर्षी कंपनीने तिची सगळी टीमच बंद केली. तेव्हापासून घरात सकाळचे तास कोरडे पडायचे. जुन्या शाळेच्या इमारतीतलं हे छोटं म्युझियम तिने त्या कोरडेपणावर उतारा म्हणून धरलं होतं. एका खोलीत जर्दाळूच्या बागा, दुसरीत फळं डबाबंद करायचा कारखाना, तिसरीत चिप्स. गावाचा इतिहास असा खोल्याखोल्यांतून चालत जायचा आणि शेवटच्या खोलीत त्या पाच पुरुषांपाशी येऊन थांबायचा. टूर संपताच ती धावत पार्किंगमध्ये गेली. व्हॅनचं दार बंद होत होतं. “तुमचं नाव?” तिने विचारलं. “डोरा,” बाई म्हणाली. “डोरा वेगा. घरी ये. मी कॉफी चांगली करते.”

डोराचं घर सॅन होजेच्या पूर्वेला, लिंबाच्या झाडाआड होतं. तिथे पोचेपर्यंत सुमेधाला वाटत होतं, फार तर एक आठवण ऐकून परत यायचं. पण डोराने तेरेसितालाही बोलावून ठेवलं होतं. तेरेसिता मूळची मनिलाची, आता मिल्पिटासला मुलाकडे राहणारी, कानाला यंत्र, ओठांना गडद लिपस्टिक. दोघी एकमेकींचं वाक्य मधेच उचलून पुढे नेत होत्या. त्या काळी चिपचं चित्र आधी मोठं, टेबलाएवढं करायचं. पारदर्शक कागदावर तांबडी फिल्म, ती बारीक सुरीने कापायची आणि नको तेवढी सोलून काढायची. मग कॅमेरा ते चित्र लहान लहान करत नखाएवढं करणार. “पण कापणं हे नंतरचं,” डोरा म्हणाली. “फोटोतल्या त्या वॉरनने सर्किट काढून दिलं. उत्तम होतं. पण ते दिलेल्या जागेत मावत नव्हतं. आठवडेच्या आठवडे मावलं नाही. कंपनी ते सोडून द्यायच्या बेतात होती.” मग? “मग आम्ही चौघींनी ते पुन्हा मांडलं. मेमरीचे तुकडे पाठीला पाठ लावून बसवले, म्हणजे दोघांत मिळून मधली तार एकच. जागा सुटली.” तेरेसिता म्हणाली, “मांडलं मिसेस किमुराने आणि डोराने. मी आणि रूथने शंका काढल्या. शंका काढणारंही कोणीतरी लागतं.” दोघी हसल्या. सुमेधा हसली नाही. पाठीला पाठ लावून बसवायची ती रीत तिने तिच्या पडद्यावर हजारदा वापरली होती. ती नेहमी आधीपासूनच होती, हवेसारखी. ती कोणाला तरी पहिल्यांदा सुचली असेल, त्या वेळी त्या बाईला भूक लागली असेल किंवा तिची पाठ दुखत असेल, असं काही त्या रीतीला चिकटलेलं नव्हतं. आता एकदम चिकटलं. या एकाच टेबलावर ती सुचली असं थोडंच होतं, जगात आणखी कुठे कुठे सुचली असेल. पण या टेबलावर या चौघींना सुचली होती, आणि त्यांतल्या दोघी तिच्यासमोर कॉफीत बिस्किट बुडवत होत्या.

परतीच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. समोरच्या गाडीचे तांबडे दिवे पाहता पाहता तिला आई दिसू लागली, धरमपेठेतल्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गुडघ्यांवर बसलेली. आई शिवणाचे क्लास घ्यायची. कात्री चालवण्याआधी ती बराच वेळ नुसती बघत राहायची. त्याला तिचा शब्द होता बेतणं. “कापणं कोणालाही येतं गं, बेतता आलं पाहिजे,” असं म्हणायची, आणि बाहीच्या वळणाशी आली की श्वास धरायची. तो धरलेला श्वास सुमेधाला आत्ता छातीत जाणवला. आईने एकदा नर्सबायांसाठी एक बाही बेतली होती. हात वर केला की काखेत ओढायची नाही, कापडही कमी लागायचं. बाजारातल्या एका टेलरने तो बेत मागून नेला. पुढे गावातल्या सगळ्या नर्सेसच्या अंगावर ती बाही दिसू लागली, आणि प्रदर्शनात बक्षीस टेलरला मिळालं. लहान सुमेधा तणतणली होती. आई म्हणाली, “जाऊ दे. त्यांना हात वर करता येतो ना आता?” जाऊ दे. त्या घरात हा शब्द मिठासारखा होता, प्रत्येक गोष्टीत चिमूटभर. आईने तो चांगल्या मनाने वापरला होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता आलं नव्हतं. आई गेली. बाही अजूनही कुठेतरी शिवली जात असेल.

म्युझियमची डायरेक्टर मेलनी ही वाईट बाई नव्हती. ती ऐकून घेताना मान हलवायची, पेन्सिल केसांत खोचायची. “सुमेधा, मला पटतंय,” ती म्हणाली. “पण भिंतीवरचं पॅनल बदलायचं तर आधार लागतो. बोर्डाचा नियमच आहे. आठवणी म्हणजे पुरावा नाही.”

“या पाच जणांची नावं कशावरून लिहिली?”

“फोटो वॉरन हेलने दिला. नावं त्यानेच सांगितली.”

“आठवून?”

मेलनीने पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली. “तो चीफ इंजिनियर होता,” ती म्हणाली. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं असावं, कारण ती लाल झाली. पण वाक्य तिने मागे घेतलं नाही.

घरी तिचा नवरा चारुदत्त भाजी चिरत होता. त्याने सगळं नीट ऐकलं. तो नेहमीच ऐकायचा. “हे बघ, तू व्हॉलंटियर आहेस,” तो म्हणाला. “बोर्डाशी कशाला पंगा घ्यायचा? त्या दोघींनासुद्धा फारसं काही वाटत नाहीये, तूच म्हणालीस. जाऊ दे ना.” तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं त्याने कोणता शब्द उच्चारला होता. “त्यांना वाटत नाही असं मी नाही म्हणाले,” ती म्हणाली. “त्या तक्रार करत नाहीत असं म्हणाले. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, “ओके. मग आता काय करणार?” या प्रश्नाने तिला बरं वाटलं. कारण तिच्याकडे उत्तर होतं. ती वॉरन हेलला भेटणार होती.

तो क्युपर्टिनोत एका वृद्धाश्रमात राहायचा. चांगला, बागेचा, पियानो ठेवलेला. नव्वदीला टेकलेला उंच माणूस, हात पाठीमागे धरून चालणारा. सुमेधा लेआउटमधली आहे म्हटल्यावर तो खुलला, तिला खिडकीपाशी बसवून जुन्या सर्किटबद्दल बोलत राहिला. तिलाही ते ऐकायला आवडत होतं, हीच अडचण होती. त्याचं सर्किट खरंच सुंदर होतं. शेवटी तिने विचारलं, “फोटोत उजवीकडे कोण होतं?” तो बाहेर बघू लागला. “मुली,” तो म्हणाला. मग, “मूळ फोटो लांबट होता. माझ्या बायकोला तो हॉलमध्ये लावायचा होता. फ्रेममध्ये बसेना, म्हणून तिने कापला. त्यात वाईट हेतू नव्हता.”

“नसणारच. डोरा वेगा म्हणतात, सर्किट जागेत मावत नव्हतं. चौघींनी मांडणी बदलली म्हणून मावलं.”

बाहेर कोणीतरी गुलाबांना पाणी घालत होतं. “माझी नातवंडं त्या भिंतीपाशी उभी राहून फोटो काढून घेतात,” तो म्हणाला. “मी पुष्कळ कामं केली. बहुतेक सगळी आता कचऱ्यात आहेत. ती एक भिंत उरलीय. तिला हात लावू नका.” सुमेधाला त्याची दया आली, आणि त्या दयेचा तिला रागही आला. आयुष्यभर अशाच जागी ती मागे हटत आली होती, समोरचा माणूस म्हातारा आहे, थकला आहे, त्याचं एकच काय ते उरलंय. तिने खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं. “मिस्टर हेल, तुमचं नाव काढायला मी आलेली नाही,” ती म्हणाली. “तुमचं नाव तिथेच राहील. भिंत लांब आहे. फोटो पुरा लावायचाय.” तो म्हणाला, “पुरा फोटो आता नाही. उरलेला तुकडा केव्हाच गेला.” “मग फोटो आहे तसा राहू दे. त्याच्याबद्दल खरं लिहू.” ती निघाली तेव्हा तो उठला नाही, फक्त म्हणाला, “मला कोणी कधी विचारलं नाही, हे तितकंच खरं आहे.”

पुढच्या शनिवारी तिने डोरा आणि तेरेसिताला म्युझियममध्ये आणलं. कोणाची परवानगी घेतली नाही. पाहुण्यांना आणायला परवानगी लागत नाही. टूर त्या फोटोपाशी आली की ती बाजूला सरकायची आणि म्हणायची, “या दोघी इथे होत्या. त्या सांगतील.” डोरा सांगायची, तेरेसिता शंका काढायची. तिकडे ओरेगनला बहिणीकडे राहणारी रूथ एकदा फोनच्या स्पीकरवरून बोलली, खोकत खोकत, पण मुद्द्याचं. शाळेची मुलं यायची, भारतातून मुलाकडे आलेले मराठी आईवडील यायचे. त्यांतली एक काकू डोराचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली, तिला इंग्रजी नीट येत नव्हतं. एका मुलीने डोराला विचारलं, नाव लागलं नाही म्हणून तुला राग आला होता का? डोराने विचार केला. “मला घाई होती,” ती म्हणाली. “तीनला मुलांची शाळा सुटायची.” लोक हसले. सुमेधाने हसता हसता फोटोतल्या टायांकडे पाहिलं. इतिहासात नाव लागायला थोडा वेळ रेंगाळावं लागतं, काम संपल्यावर टाय नीट करून फोटोसाठी उभं राहावं लागतं; आणि तीनला शाळा सुटते. मेलनी दारातून ऐकायची. थांबवायची नाही, पण पॅनलही बदलायची नाही.

मग एके दिवशी मेलनीचा फोन आला. वॉरन हेलच्या मुलीने त्याला बोर्डाच्या मीटिंगला आणलं होतं. कोणी बोलावलेलं नसताना. तो उभा राहून म्हणाला होता, “माझं सर्किट मावत नव्हतं. त्या बायकांनी ते मावेल असं केलं. हे मी त्याच वर्षी सांगायला हवं होतं.” बोर्डाने एकमताने पॅनल बदलायचं ठरवलं. मेलनी आनंदाने जवळजवळ गात होती. सुमेधा किचनच्या ओट्याला टेकून ऐकत राहिली. आनंद आला, पण तो सरळ आला नाही, कुठेतरी घासत आला. कित्येक शनिवार दोन बायका स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या, तिसरी फोनवरून. त्या नुसत्या आठवणी ठरल्या. एका पुरुषाने एकदा सांगितलं, ते पुरावा झालं. त्या म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर ते सांगताना किती जड गेलं असेल हे तिला कळत होतं. तिच्या मनात त्याच्याबद्दल आदर होता, खरा. आणि तरी.

नव्या मजकुराचा मसुदा आला. पहिलं वाक्य होतं: ‘वॉरन हेल यांच्या म्हणण्यानुसार, या चिपची अंतिम मांडणी चार स्त्रियांनी केली.’ तिने तो डोराला फोनवर वाचून दाखवला. मग डोरा म्हणाली, “चांगलं आहे. भला माणूस आहे.” मग तीच पुढे म्हणाली, “पण मला ते वाक्य आवडत नाही, मुली. का ते सांगता येत नाही.”

“मला येतं,” सुमेधा म्हणाली.

मेलनीच्या टेबलासमोर तिने मसुदा ठेवला आणि बोट त्या शब्दांवर टेकवलं. “हे काढायचं.”

“अगं, ते फक्त शब्द आहेत,” मेलनी म्हणाली. “सगळं मिळालंय आपल्याला. बोर्ड पुन्हा उघडायला नको.”

“फक्त शब्द आहेत, तर काढणं सोपं आहे. वॉरनने सर्किट काढलं, हे आपण ‘डोरा वेगा यांच्या म्हणण्यानुसार’ असं लिहितो का? त्याही तसंच म्हणतात.”

मेलनीने चष्मा काढून डोळे चोळले. सुमेधाला तिचाही थकवा दिसला, पण आता ती मागे हटली नाही. ती बसून राहिली. उठून जाणं तिला सहज जमलं असतं, आभार मानून, बाकीचं सगळं मिळालं म्हणून. ती नुसती बसून राहिली. बराच वेळ गेल्यावर मेलनीने पेन्सिल काढली आणि ते शब्द खोडले. “आता वाक्य फार लहान झालं,” ती म्हणाली. “तसंच ठेव,” सुमेधा म्हणाली.

नावं लिहायची वेळ आली तेव्हा चौथीपाशी गाडी अडली. डोरा वेगा, तेरेसिता सालोंगा, रूथ पामर, आणि मिसेस किमुरा. मिसेस किमुराचं पहिलं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. ती त्यांच्याहून मोठी होती, कमी बोलायची, सगळे तिला मिसेस किमुराच म्हणायचे. वॉरनलाही आठवेना. ती केव्हाच वारली, मूलबाळ नव्हतं. मेलनी म्हणाली, “‘मिसेस किमुरा’ एवढंच छापू. छपाई शुक्रवारी आहे.” सुमेधा म्हणाली, “मला शुक्रवारपर्यंत वेळ दे.” घरी येऊन तिने चारुदत्तला सांगितलं. तो म्हणाला, “सॅन होजेला जपानी वस्तीत जुनं देऊळ आहे. तिथे कोणीतरी ओळखत असेल. येऊ का मी?” ती म्हणाली, “नको. पण रात्रीचा स्वयंपाक तुझ्याकडे.”

गाडी चालवताना तिला खूप वर्षांनी ते ताट आठवलं. लग्नाच्या दिवशी, तांदूळ पसरलेलं चांदीचं ताट, आणि चारुदत्तच्या हातातली सोन्याची अंगठी तांदळात अक्षरं ओढत चाललेली. सगळे वाकून बघत होते. सु, मग मे, मग धा. टाळ्या वाजल्या. त्याआधी ती कालिंदी होती. नाव चांगलं होतं, नवंही चांगलंच होतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. ताट उचलताना तांदूळ हलले आणि अक्षरं मोडली, तरी नाव राहिलं. जुनं कुठे गेलं ते कोणी विचारलं नाही. आई मात्र शेवटपर्यंत पत्रात ‘चि. कालिंदी’ लिहायची आणि मग खोडून सुमेधा करायची. तिने गाडीतच ते नाव एकदा मोठ्याने उच्चारून बघितलं. आवाज परका वाटला नाही.

देवळाच्या अंगणात एक बाई वाळकी पानं झाडत होती, सत्तरीची असावी, डोक्याला रुमाल बांधलेला. सुमेधाने सांगितलं, किमुरा आडनावाच्या एका बाईंचं पहिलं नाव शोधायला आले आहे. चिपच्या कंपनीत होत्या, तांबडी फिल्म कापायच्या, त्याआधी ती बेतायच्या. बाई झाडू टेकवून विचारात पडली. किमुरा पुष्कळ होते, ती म्हणाली. मग सुमेधाकडे नीट पाहिलं, कपाळावरच्या टिकलीकडे, हातातल्या गाडीच्या किल्लीकडे. “तुम्ही त्यांच्या कोण?” तिने विचारलं.

सुमेधाने किल्ली पर्समध्ये टाकली.

“मी त्यांच्याच कामातली,” ती म्हणाली.

“नावांच्या जुन्या वह्या आत आहेत,” बाई म्हणाली. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि दार उघडून तिला आत यायची खूण केली.